घरचे दहा

मुदखेडच्या आमच्या घरात दोन प्रकारचे दहा वाजत. घरचे दहा आणि टेसनाचे दहा. घरचे आधी वाजत, टेसनाचे पाव तासानं. मधल्या खोलीत भिंतीवर चावीचं, ठोके देणारं घड्याळ होतं आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, ते मुद्दाम पाव तास पुढं ठेवलेलं होतं. अण्णा नांदेडला सूतगिरणीत कामाला होते, रोज सकाळच्या पॅसेंजरनं जायचे. माझ्या जन्माच्या आधी कधीतरी त्यांची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली होती, आणि फलाटावर उभ्या असलेल्या मामांनी ते पाहून आमच्या आजोळी जाऊन सांगितलं होतं. सासरवाडीत झालेलं ते हसं अण्णांच्या जिव्हारी लागलं आणि घरचं घड्याळ पुढं गेलं ते गेलंच. गंमत अशी की घड्याळ पुढं आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, अण्णांना सगळ्यात जास्त. तरी रोज सकाळी ते भिंतीकडं बघून दचकायचे, "अगं झाली की येळ!" म्हणून ओरडून डबा मागायचे, अर्धी भाकरी उभ्यानं खायचे, आणि टेसनावर जाऊन पाव तास बाकावर बसून राहायचे. मनगटावर घड्याळ त्यांनी कधी बांधलं नाही. एक खोटं बोलणारं घरात आहे तेवढं पुरे, म्हणायचे.

जंक्शनचं गाव, त्यामुळं घरात शांतता अशी कधी नसायची. शंटिंग करणाऱ्या इंजिनाचे धक्के, डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज, आदिलाबादकडून येणाऱ्या गाडीची शिट्टी, आणि त्यात मायची भाकरी थापल्याची थपथप. मी तेव्हा दहावीला गणितात आपटून घरी बसले होते. आमच्याकडं म्हणायची पद्धत अशी की "पोरीचं गणित गेलं." कुणी विचारलं की माय हेच सांगायची आणि असा सुस्कारा टाकायची की ऐकणाऱ्याला वाटावं गणित नावाचं कुणी जवळचं माणूस होतं. मला त्याचा राग यायचा. मला तेव्हा सगळ्याचाच राग यायचा, एक सोडून. ती एक म्हणजे माझी वहिनी.

दादा अर्धापूरच्या केळीच्या ट्रकवर आधी क्लीनर होता, मग ड्रायव्हर झाला. हिरव्या केळीचे घड भरायचे, वर पाला टाकायचा, आणि माल पिकायच्या आत उत्तरेला पोचवायचा. कधी दिल्ली, कधी त्याच्याही पुढं, थेट नेपाळच्या हद्दीवर. तिथं एका बाईची भात-डाळीची खानावळ होती आणि त्या बाईची भाची हाताखाली होती. दादा तिथं जेवायला जाऊ लागला. पुढं काय झालं ते त्यानं आम्हाला कधी नीट सांगितलं नाही. एका सकाळी तो ट्रकमधून उतरला आणि त्याच्या मागं ती उतरली, एवढंच आम्ही पाहिलं. ठेंगणी, गोरी, गालांवर उन्हाचे लाल डाग, कपाळाला कुंकू, गळ्यात हिरव्या पोतीच्या बारीक बारीक माळा. हातात एक पत्र्याची पेटी, तिच्यावर गुलाबाचं फूल रंगवलेलं.

माय दारातच उभी राहिली. "इकडच्या पोरी सरल्या होत्या का रे?" तिनं दादाला विचारलं. दादा खाली बघत राहिला. "नाव काय हाय हिचं?" हेही दादालाच.

"सुनमाया," ती स्वतःच म्हणाली.

 माय भाकरतुकडा आणायला आत वळता वळता म्हणाली, "नावातच सून घेऊन यायलीय ही. आता म्या काय बोलावं?" त्यांच्या भाषेत सुन म्हणजे सोनं, हे आम्हाला पुढं कळलं. तोवर फार उशीर झाला होता, ती आमची सून-माया होऊन बसली होती.

तिची आणि आमची अक्षरं एकच होती. आमचा पेपर ती घडाघडा वाचायची आणि तिला त्यातलं अर्धंही कळायचं नाही. शब्द ओळखीचे असायचे पण आत दुसरंच कुणीतरी राहात असायचं. मला ती 'नानी' म्हणायची. त्यांच्यात लहान मुलीला नानी म्हणतात. आमच्या गल्लीत नानी म्हणजे आईची आई, त्यामुळं शेजारची अमीनाबी मला बघितलं की "सलाम, नानीजान" म्हणून हसायची. एकदा अण्णा माझ्यावर गणितावरून चिडले होते. तेव्हा वहिनी मध्ये पडून कळवळून म्हणाली, "अण्णा, मला पण लई शिक्षा पायजे होती. बाबानं दिली न्हाई." अण्णांचा हात हवेतच राहिला. नेपाळीत शिक्षा म्हणजे शिक्षण. हे कळल्यावर अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि त्या दिवसापासून मला कुणी गणितावरून बोललं नाही.

तिचं जन्मसाल हा असाच एक गमतीचा विषय होता. रेशन कार्डावर नाव घालायला माणूस आला, त्यानं साल विचारलं, तर ती म्हणाली, "दोन हजार चोवीस." त्यांचं विक्रम संवत, आपल्या सालाच्या कितीतरी पुढं. तो माणूस लेखणी खाली ठेवून म्हणाला, "अहो, ह्या बाईचा तर अजून जन्मच व्हायचाय." ते साल आपल्याकडंही आता येऊन गेलं. त्या साली मी लातूरला तिच्या घरी गेले होते तेव्हा तिला म्हटलं, वहिनी, आज तू आमच्या हिशोबानं जन्मलीस. ती हसली, पण तिला ती जुनी गोष्ट आठवायला थोडा वेळ लागला. केस पांढरे झालेत तिचे.

नेपाळात सुट्टी शनिवारी. रविवारी सगळं उघडं, ह्यावर मायचा विश्वास बसेना. भाकरी तिच्या घशाखाली उतरायला पुष्कळ दिवस गेले, भात मात्र ती डोंगराएवढा खायची, आणि भात संपला की भांडं खरवडताना तिचा चेहरा लहान मुलीसारखा दिसायचा. एकदा मायनं अंबाडीची भाजी केली, कण्या घालून, वरून लसणाचं तेल. वहिनीनं एक घास घेतला आणि ताटावर बसल्या बसल्या रडायला लागली. माय घाबरली, मिरची लागली असं तिला वाटलं. तर ती भाजी तिच्या गुंद्रुकसारखी आंबट होती. गुंद्रुक म्हणजे मुळ्याचा पाला आंबवून वाळवतात ती त्यांच्याकडची भाजी, तिची आई करायची. मग माय दर आठवड्याला अंबाडी आणू लागली. गड्डी वहिनीच्या पुढ्यात टाकायची आणि म्हणायची, "घे. तुह्या माहेरची आलीय."

एकच शब्द शिकवायला मायला फार त्रास झाला. वहिनी पाण्याला निघाली की दारातून म्हणायची, "जाते." माय हातातलं टाकून ओरडायची, "जाते म्हणू न्हाई बाई! येते म्हणावं." वहिनीला ते कळेना. निघालेलं माणूस येते कसं म्हणेल? "जाते म्हणलं की माणूस जातंय," माय सांगायची, "मेल्यालं माणूस जातंय. जित्यानं येते म्हणावं." वहिनी विचार करून म्हणाली, "पण तुम्ही लाइट गेली म्हणता. नानीचं गणित गेलं म्हणता. गाडी गेली म्हणता." माय म्हणाली, "ते येगळं जाणं."  ती एवढंच म्हणाली की घरात राहिलीस की कळंल.

टेसन रोडवर करीमभाईनं टेलिफोनचं बूथ टाकलं तेव्हा गावात एकच चर्चा झाली. पिवळा बोर्ड, काचेची खोली, आत पंखा, आणि बोललेल्या वेळेचे लाल आकडे पळवणारी पेटी. परदेशातसुद्धा फोन लागतो म्हणे. दादानं पुढच्या फेरीला हद्दीवरच्या खानावळवाल्या मावशीकरवी निरोप धाडला आणि ठरलं असं: वहिनीची आई पाल्पाच्या डोंगरात वर राहायची, खाली बाजारात एका दुकानात फोन होता. शेजारच्या मास्तरला शनिवारी सुट्टी असायची, तो महिन्यातून एका शनिवारी म्हातारीला सकाळच्या बसनं खाली आणायचा. दहा वाजता आम्ही फोन करायचा. तीच बस सव्वादहाला परत वर जायची. ती चुकली तर त्या दिवशी दुसरी नाही, आणि म्हातारीच्या छातीचं दुखणं असं की बाजारात रात्र काढणं तिला झेपणारं नव्हतं.

पहिल्या शनिवारी वहिनीनं भिंतीवरचे घरचे दहा बघितले आणि आम्ही दोघी पळत सुटलो. बूथ दोन गल्ल्या सोडून. करीमभाईनं नंबर फिरवला, पुन्हा फिरवला, आणि एकदम म्हणाला, "लाइन लगी बहू, बात करो!"  वहिनी दोन्ही हातांनी रिसीव्हर धरून नुसती "आमा... आमा..." करत राहिली. तिकडूनही तसंच असावं. मला बाहेर काचेतून लाल आकडे पळताना दिसत होते आणि मला वाटत होतं, बोल की बाई काहीतरी. मग ती बोलायला लागली आणि थांबेना. पुढच्या महिन्यातही तसंच. त्याच्या पुढच्याही. म्हातारी कधी चुकली नाही. घरी अण्णा म्हणायचे, "आपण पाव तास आधी फोन लावायलाव, तरी ती बसलेलीच असती बघ. आईची जात." आम्हालाही तेच वाटायचं. बस आधी पोचत असेल, म्हातारी आधी येऊन बसत असेल. ह्यापलीकडं विचार करायचं कुणाला कारण नव्हतं.

मग वहिनीला दिवस गेले. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी, पण ते माहेर तीन दिवसांच्या वाटेवर, वर डोंगरात. डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या. माय म्हणाली, "माहेर इथंच हाय. म्या कशाला हाय मग?" आणि खरंच तिनं सगळं केलं. डिंक, अळीव, शेगडी, धुरी. मुलगी झाली. वहिनीच्या नावातलं सोनं काढून मायनंच तिला सोनी म्हणायला सुरुवात केली. बातमी दुकानदाराकरवी वर पोचली आणि उलट निरोप आला की आमाची तब्येत फार बरी नाही, पण येत्या शनिवारी ती काही झालं तरी खाली येणार. तिला फोनवर नातीचं रडणं ऐकायचं आहे. बोलणं नको, बाकी काही नको. रडणं ऐकू द्या.

त्या शनिवारची तयारी आमच्याकडं लग्नासारखी चालली होती. दादा केळी घेऊन गेलेला होता, तो नव्हता. अण्णांनी गिरणीतून रजा काढली, जी त्यांनी माझ्या आजारपणातही कधी काढली नव्हती. माय मला दहादा सांगत होती की लेकरू झोपलं तर हळूच चिमटा काढ, पण लागू देऊ नको. आणि आदल्या संध्याकाळी अण्णा स्टुलावर चढले.

"काय करायलात?" मायनं विचारलं.

"घड्याळ लावायलाव. बरोबर."

"राहू द्या की. इतक्या वर्साचं हाय, त्याला कशाला हात लावता?"

"अगं, लेकरू एवढंसं," अण्णा म्हणाले, "पाव तास आधी नेऊन त्या काचेच्या डब्यात कोंडायचं का? आणि म्हातारी आजारी. उशिरा पोचली, आपण आधीच फोन लावून मोकळं झालो, तर? बरोबर दहा म्हंजे बरोबर दहा. नातीचा पहिला आवाज खोट्या घड्याळावर न्हाई जायचा." त्यांनी रेडिओ लावला. बातम्यांच्या आधीचे ते पिप पिप वाजले आणि शेवटच्या पिपला त्यांनी काटा जागेवर आणून सोडला. आमच्या घरात मी जन्मल्यापासून पहिल्यांदा खरी वेळ वाजत होती. अण्णा स्टुलावरून उतरले आणि लांब उभे राहून घड्याळाकडं बघत राहिले. इतके खूष की मायलाही हसू आलं.

सकाळी वहिनीनं हिरवी पोत घातली. सोनीला मायनं काजळ लावलं, टोपडं बांधलं. दहाचे ठोके पडले आणि मायला घरी ठेवून सोनी धरून आम्ही चौघं निघालो, अण्णा पुढं, जसं काही वरात नेत होते. करीमभाईनं बाकीची गिऱ्हाईकं बाजूला केली, पंखा बंद केला, लेकराला वारा लागू नये म्हणून. नंबर एका दमात लागला. "बोलो बहू!" तो म्हणाला आणि सोनीकडं बघून स्वतःच हसला.

वहिनी म्हणाली, "हजुर?" मग पुन्हा, "हजुर?" मग तिचा आवाज बदलला. दुकानदार बोलत होता. काचेचं दार उघडंच होतं, त्याचं मोठ्यानं बोलणं मला बाहेर ऐकू येत होतं, कळत नव्हतं. एकच शब्द तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, भर्खरै, भर्खरै. नंतर वहिनीनं सांगितलं, त्याचा अर्थ आत्ताच. तो म्हणत होता, आत्ताच गेल्या, इतका वेळ बसल्या होत्या, फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या, बसवाला ओरडला तेव्हा मास्तरनं धरून नेलं, बस अजून वळणावर आहे, थांबा, मी पळतो, थांबवतो. आणि तो फोन तसाच टाकून पळाला.

त्याच वेळी सोनी रडायला लागली. कुणी चिमटा काढला नव्हता. आपणहून, चेहरा लाल करून, गळा फाडून रडायला लागली. वहिनीनं रिसीव्हर तिच्या तोंडाशी धरला. मला वाटलं, आलं कुणीतरी फोनवर. पण वहिनी रिसीव्हर मध्येच आपल्या कानाला लावायची, ऐकायची, पुन्हा लेकराच्या तोंडाशी धरायची. पलीकडं कुणी नव्हतं. रिकामं दुकान होतं आणि दुकानाच्या बाहेर बसचा हॉर्न वाजत होता, वळणावर वाजवतात तसा लांब. तो तिनं ऐकला. आधी जवळ, मग दूर. सोनी त्या रिकाम्या दुकानात रडत राहिली आणि करीमभाईच्या पेटीवर लाल आकडे पळत राहिले. दुकानदार धापा टाकत परत आला तेव्हा सोनीचं रडून झालं होतं.

घरी मायनं दारातच तुकडा ओवाळायला घेतला होता. "ऐकलं का गं म्हातारीनं? काय म्हणाली?" तिनं विचारलं. वहिनी आमच्या पुढं होती, आम्हाला बोलायला सवडच मिळाली नाही. ती म्हणाली, "आमा आत्ताच गेली."

मायच्या हातातला तुकडा पडला. तिनं असा हंबरडा फोडला की अमीनाबी पिठाच्या हातांनी पळत आली, पलीकडच्या घरातल्या बायका आल्या. माय वहिनीला छातीशी धरून रडत होती आणि वहिनी घाबरून आम्हा सगळ्यांकडं बघत होती. तिला कळेना की फोन हुकल्यावर एवढं कोण रडतं. अण्णा ओरडले, "अगं तशी न्हाई! बसमध्ये गेली! गावाला गेली!" तेव्हा कुठं मायचं रडणं थांबलं. बायका हसायला लागल्या, मायही डोळे पुसत हसली, आणि वहिनीचा गालगुच्चा घेऊन म्हणाली, "येडे! जीव घेतलास की माझा. तशी गेली म्हणू न्हाई. गावाला गेली म्हणावं." वहिनी मान हलवत होती. पुढच्या महिन्यात फोन होईलच, सोनी तोवर मोठ्यानं रडायला शिकेल, असं माय म्हणाली. सगळ्यांनी चहा घेतला. तो चहा मला अजून आठवतो, आलं घातलेला, फार गोड.

पुढच्या महिन्यातला फोनचा शनिवार यायच्या आधी एका दुपारी करीमभाई आमच्या दारात आला. तो कधी कुणाच्या घरी जात नसे, बूथ सोडून त्याला हलताच येत नसे. अण्णा कामावर होते. त्यानं टोपी काढून हातात घेतली आणि मायला म्हणाला, "आपा, फोन आया था. बहू की अम्मा..." आणि पुढं न बोलता हात वर केला.

माय वहिनीकडं वळली. वहिनी सोनीला तेल लावत होती. तिनं करीमभाईकडं पाहिलं, मग मायकडं. माय म्हणाली, "गेली गं बाई. तुही माय गेली."

वहिनीनं हात थांबवले नाहीत. सोनीच्या पायाला तेल लावता लावता तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "कुठली गेली, माय?"

 माय रडली नाही. महिन्यापूर्वी जे रडायचं ते ती रडून बसली होती. ती नुसती पुढं झाली, वहिनीच्या पुढ्यातून सोनीला उचलून माझ्याकडं दिलं, आणि वहिनीचे ते तेलकट हात आपल्या पदरात धरून बसून राहिली. मग वहिनीला कळलं. ती कशी रडली ते मी लिहिणार नाही. मला लिहिता येणार नाही.

दादा आठवड्यानं आला. त्याला वाटेतच कळलं होतं. रात्रीचं जेवण कुणी केलं नव्हतं, अण्णा त्याला त्या शनिवारचं सगळं सांगत होते. बरोबर दहाला फोन लावला, घड्याळसुद्धा रेडिओवर मिळवून घेतलं होतं, तरी म्हातारी थांबली नाही, आमचं नशीब. दादा ऐकत होता. मग तो म्हणाला, "मिळवून घेतलं म्हंजे? मागं केलं?"

"बरोबर केलं."

 "अण्णा," दादा हळू म्हणाला, "तिकडचं घड्याळ आपल्याहून पाव तास पुढं असतंय. आपले दहा वाजले तवा तिकडं सव्वादहा झालेले असत्यात. हद्दीवर सगळ्यांनाच ठावं हाय ते. म्या सांगितलं न्हाई, कारण फोन तर लागायलेच होते." वहिनी खानावळीत भांडी घासायची, तिला कधी घड्याळ बघायची वेळ आली नव्हती. डोंगरात तर कुणाकडं घड्याळच नव्हतं.

अण्णांनी एकदा भिंतीकडं बघितलं. म्हणजे इतके महिने आमच्या मधल्या खोलीत वहिनीच्या माहेरची वेळ वाजत होती. अण्णांच्या त्या खोट्या घड्याळानं म्हातारीला एकदाही चुकवलं नाही. ते खरं केलं त्याच दिवशी ती चुकली. आता माझ्या मोबाइलवर बोट फिरवलं की जगातल्या कुठल्याही गावात किती वाजले ते दिसतं. काठमांडूसमोर 'पंधरा मिनिटं पुढं' असं लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात. एवढंसं वाक्य. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा नांदेडला भाजी बाजारात उभी होते, आणि पिशवी खाली ठेवून मला तिथंच कुणाच्या तरी ओट्यावर बसावं लागलं.

अण्णांनी घड्याळ काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि माळ्यावर टाकलं. वहिनीच्या समोर ते येईनासे झाले. ती पाणी घेऊन आली की मान खाली घालायचे. गिरणीला जाताना दचकणं नाही, ओरडणं नाही, डबा घेतला की मुकाट्यानं चालू लागायचे. टेसनावर ते आता किती आधी जाऊन बसत होते कोण जाणे. भिंतीवर घड्याळाच्या जागी पांढरट गोल उरला होता आणि घरात ठोके नव्हते. त्या काळात इंजिनांचे आवाज फार मोठे वाटायचे.

एका शनिवारी सकाळी अण्णा अंगणात दाढी करत होते. वहिनी स्टूल लावून माळ्यावर चढली, घड्याळ काढलं, पदरानं पुसलं, खिळ्याला लावलं, चावी दिली. मला म्हणाली, "नानी, रेडिओ लाव." पिप वाजले. तिनं काटा आधी खऱ्या वेळेवर आणला आणि मग बोटानं पुढं ढकलला, पाव तास. अण्णा साबण लागलेल्या तोंडानं दारात येऊन उभे होते. वहिनी स्टुलावरूनच त्यांना म्हणाली, "असू द्या, अण्णा. मला घरचे दहा पायजेत." अण्णा तसेच परत अंगणात गेले आणि आरशासमोर बसले. साबण वाळून गेला तरी त्यांनी वस्तरा उचलला नाही.

अण्णा गेले, माय गेली. दादानं लातूरला डाळीच्या मालाची वाहतूक धरली, घर तिकडं गेलं, आणि घड्याळही गेलं. सोनी आता तिथंच एका क्लासमध्ये मुलांना गणित शिकवते, हे माझ्या गणिताला बघवत नसणार. नवीन माणूस घरी आलं की घड्याळ पुढं आहे म्हणून सांगतं, कुणी उत्साही माणूस स्टूलही मागतो. वहिनी म्हणते, राहू द्या, ते घरचे आहेत.

मी शनिवारी तिच्याकडं असले तर मला दिसतं. दहाचे ठोके पडले की ती हातातलं काम ठेवते, खिडकीशी जाऊन बसते. खाली ऑटो, मोटारसायकली, क्लासला निघालेली पोरं. ती तिकडं बघत नाही. पूर्वी मला वाटायचं, ती फोनच्या घंटीकडं कान लावून बसत असेल. एकदा विचारलं तर म्हणाली, "न्हाई नानी. हॉर्न ऐकते." काटा सव्वादहावर आला की ती उठते, पदर खोचते, आणि स्वयंपाकघराकडं जाता जाता आपल्याशीच म्हणते, "गेली."

कुठली गेली, ते आमच्या घरात कुणी विचारत नाही.